समुद्र आणि सबब

हैदराबादच्या कोठी भागातील रेसिडेन्सीची भव्य वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती उभारणारा इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि त्याची पत्नी खैरुन्निसा यांची प्रेमकथा सर्वश्रुत आहे. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही.

सप्टेंबर १८०५ मध्ये त्यांची दोन लहान मुले मद्रासहून जहाजाने इंग्लंडला रवाना झाली. प्रवास कित्येक महिन्यांचा. मुले समुद्रावर असतानाच, १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. तरुण विधवा पुढे कलकत्त्यास गेली. तेथे पतीचाच सहायक हेन्री रसेल तिच्या निकट आला. पुढे तिला हैदराबादेत परतण्यास बंदी झाली. ती मछलीपट्टणला राहिली. रसेलने १८०८ मध्ये मद्रासला दुसरीशी लग्न केले. ते तिला सांगायला तो स्वतः गेला नाही. १८१३ मध्ये ती वारली. मुलांची भेट पुन्हा झालीच नाही.

अंतर पडले की निष्ठा पातळ होते, असे आपण म्हणतो. पण सातासमुद्रापार गेलेल्या त्या मुलीने, किटीने, तीन तपांनंतर हैदराबादच्या आजीशी पत्रांतून नाते पुन्हा जोडले. रसेल आणि खैरुन्निसा यांच्यामध्ये तर समुद्रही नव्हता. दोघे एकाच किनाऱ्यावर होते!

कोणी म्हणेल, कर्कपॅट्रिकनेही आपला विवाह वरिष्ठांपासून लपवलाच होता. खरे आहे. पण त्याने लपवले ते सत्ताधाऱ्यांपासून, स्वतःची नोकरी पणाला लावून. रसेलने टाळले ते आपल्यावर विसंबलेल्या स्त्रीला. लपवण्याची किंमत कोण मोजतो, यावरून त्या लपवण्याचे पाप ठरते.

मन बदलणे हा गुन्हा नव्हे. मनावर कोणाची सक्ती चालत नाही. परंतु बदललेले मन वाट पाहणाऱ्याला न कळवणे ही फसवणूकच. तिच्यासाठी खोटे बोलावे लागत नाही, गप्प राहिले तरी पुरते.

हे मी अधिकाराने लिहीत नाही. तरुणपणी घरच्यांनी माझे लग्न दुसरीकडे ठरवले, तेव्हा ज्या घरी माझा शब्द गेला होता तिथे मी चार ओळींचे पत्रही धाडले नाही. 'परिस्थिती' ही माझी सबब होती. शाळेत सत्यावर बोलताना आजही ते न लिहिलेले पत्र आठवते, आणि आवाज थोडा खाली येतो.