काजळी काढताना

नवरात्रात आमच्या घरी अखंड दिवा असायचा. रात्री दोन-अडीचला आजी उठायची, समईत तेल घालायची, वातीवरची काजळी काढायची. पण वातीला हात लावण्याआधी ती त्याच ज्योतीवर एक निरांजन लावून शेजारी ठेवायची. काजळी झाडताना समई मालवलीच, तरी ज्योत निरांजनात राहायची. समई पुन्हा नीट तेवू लागली की मगच ती निरांजन शांत करायची.

आज पहाटे हे आठवलं ते नायजेरियाबद्दल वाचताना. तिथे गेलेली वीज परत आली की गल्लीगल्लीतून पोरं अजूनही ओरडतात, ‘अप नेपा!’ नेपा हे तिथलं जुनं सरकारी वीजमंडळ. 2005 मध्ये त्याचं नाव बदललं, पुढे खासगीकरणही झालं, पण आरोळी तीच राहिली. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे चाळभर ‘आली, आली!’ व्हायचं, त्यामुळे तो आनंद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. घरात अंधार सोसता येतो. ऑपरेशनच्या टेबलावर कसा सोसायचा?

2008 साली लॉरा स्टॅचेल ही अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ उत्तर नायजेरियात, झारियाला गेली होती. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. तिथल्या सरकारी रुग्णालयात तिच्या डोळ्यांदेखत सिझेरियन चालू असताना दिवे गेले. तिच्याजवळ टॉर्च होता, म्हणून त्याच्या उजेडात डॉक्टरांना ते पुरं करता आलं. ती तिथे नसती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पोट उघडलेलं, हात थांबलेले आणि सगळ्यांचे कान जनरेटर सुरू होतोय का याकडे. पुढे तिने आणि तिच्या नवऱ्याने, हॅल अॅरन्सनने, सौरदिव्यांची एक सुटकेस तयार केली. ती कितीतरी देशांतल्या प्रसूतिगृहांत पोहोचली.

सुटकेसने बाळंतपणाची खोली उजळते. अख्खं रुग्णालय किंवा विद्यापीठ चालवायचं तर काम फार मोठं. नायजेरियाच्या सरकारने 37 केंद्रीय विद्यापीठं आणि त्यांच्या जोडीची 7 रुग्णालयं स्वतःच्या विजेवर उभी करायचं ठरवलं. 2019 मध्ये एबोनी राज्यातल्या एका विद्यापीठात 2.8 मेगावॉटचं आणि कानोच्या बायेरो विद्यापीठात 7.1 मेगावॉटचं सौर-हायब्रिड केंद्र सुरू झालं. दिवसा पॅनेलवर काम चालतं, उरलेली वीज बॅटऱ्यांत साठते, रात्र बॅटऱ्यांवर निघते. आभाळ फार वेळ भरून राहिलं तर मदतीला डिझेलचा जनरेटर असतोच. इतकी वर्षं वीज गेली की सगळा भार जनरेटरवरच पडायचा. त्याच्या धुराने खिडक्या काळ्या झाल्या, डिझेलने तिजोरी रिकामी झाली. या रचनेत तो शेजारी ठेवलेल्या निरांजनासारखा आहे, लागला तरच लावायचा.

काजळी तिथेही आहेच. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सहाराकडून हरमॅटनचे कोरडे वारे येतात आणि कानोवर बारीक धूळ पसरते. ती काचेवर बसली की पॅनेलला ऊन कमी मिळतं आणि वीज घटते. पॅनेल पुसायचे, बॅटऱ्यांवर लक्ष ठेवायचं, त्या थकल्या की बदलायच्या. उद्घाटनाचा दिवस सरल्यावर हे काम वर्षानुवर्षं कुणाला तरी करत राहावं लागतं. मला त्या माणसांबद्दल फार जिव्हाळा वाटतो. मुंबईत असोत की कानोत, रुग्णालयातला दिवा त्यांच्यामुळे लुकलुकत नाही आणि आत झोपलेल्या आजाऱ्याला त्यांची नावंही ठाऊक नसतात.

म्हणूनच त्या योजनेतली एक गोष्ट मला मेगावॉटच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटली. केंद्राबरोबर विद्यापीठात सौरऊर्जेचं प्रशिक्षण केंद्रही बांधायचं ठरलं, आणि उभारणी चालू असतानाच तिथल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना सोबत घेऊन काम शिकवलं गेलं.

आमच्या आजीनेही आईला समई लावायला नंतर शिकवलं. आधी काजळी काढायला शिकवलं होतं.