गव्हाणीतल्या काड्या

नोव्हेंबर सरता सरता वसईच्या पट्ट्यात कागड्याच्या कळ्यांना भाव चढतो. मोगरा थंडीत मंदावलेला असतो, दादरच्या फूलबाजारात मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी वेण्या-गजऱ्यांची मागणी वाढते, आणि नेमके त्याच दिवसांत ख्रिस्ती घरांत आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, प्रभूच्या जन्माची वाट पाहण्याचे दिवस. बहुतेक वर्षी हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळून जातात. दुसऱ्यांच्या व्रताला फुलं पुरवता पुरवता स्वतःच्या सणाची तयारी करायची, हे इथल्या फुलबागायती करणाऱ्या ख्रिस्ती घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अशाच एका घरात एक आजी होती. पहिल्या रविवारी ती वेदीवरच्या क्रूसासमोर वीतभर लांबीची एक लाकडी गव्हाण ठेवत असे. गव्हाण रिकामी. आगमनकाळात मुलांनी एखादं सत्कृत्य केलं, हातातला खाऊ दुसऱ्याला दिला, की गव्हाणीत एक काडी टाकायची आणि नाताळापर्यंत बाळ येशूसाठी अंथरूण तयार करायचं, ही रीत अनेक कॅथलिक घरांत आहे. आजीने तिला आपल्या घरापुरती थोडी मुरड घातली होती. संध्याकाळी सातची घंटा झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला बसायचं. सगळे बसले, तर त्या दिवशी भाताच्या पेंढ्याची एक काडी गव्हाणीत पडायची. काडी टाकायचा मान आठ वर्षांच्या नातीचा.

पहिला आठवडा नीट गेला. मग गुरुवारची फुलं आली. मुलगा पहाटे तीनला उठून बत्तीच्या उजेडात कळ्या खुडायला जायचा, पहिल्या गाडीने दादर गाठायचा आणि परतल्यावर दुसऱ्या दिवसाच्या हिशेबाला लागायचा. संध्याकाळी त्याचे डोळे मिटत असत. सुनेकडे करंज्या आणि शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी होत्या. आलेल्या पैशांतून शेजारच्या विधवेच्या मुलांना नवे कपडे घ्यायचं तिने ठरवलं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. थोरला नातू कॉलेजातून आला की पिशवी टाकून थेट रस्त्याच्या कोपऱ्यावर जायचा. तिथे गावातले तरुण धर्मग्रामाच्या स्पर्धेसाठी मोठी गव्हाण उभारत होते. यंदाचा विषय बावखल. वसईतली ही गोड्या पाण्याची जुनी तळी एकेक करून बुजत चालली आहेत, म्हणून त्यांनी खरं पाणी, खरी माती, काठावर केळी असं हुबेहूब बावखल करून त्याच्या काठी योसेफ-मरियेचा गोठा मांडायचं ठरवलं होतं. कल्पना उत्तम होती. मुलं रात्री अकरापर्यंत राबत होती.

हे सगळं मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. या घरात कुणी मौजमजेत वेळ दवडत नव्हतं. जो तो कष्ट करत होता, आणि बहुतेक कष्ट नाताळासाठीच होते. देवाला विसरायचं असं मनाशी ठरवून कुणी विसरत नाही. त्याचंच काम हातात असतं आणि तो स्वतः नजरेआड होतो. माझ्या मते डिसेंबरातला सगळ्यात मोठा धोका हाच, कारण त्यात दोष द्यायला कुणी सापडत नाही.

सातची घंटा वाजायची. आजी आणि नात चटईवर बसायच्या. आजी रोझरी हातात घेऊन घटकाभर दाराकडे पाहायची आणि मग सुरुवात करायची. प्रार्थना संपली की नात गव्हाणीत डोकावून पाहायची, पण हात पुढे करायची नाही.

चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी थोरला नातू धावतपळत घरी आला. मोठ्या गव्हाणीला पेंढा कमी पडला होता. पडवीतली अख्खी पेंढी त्याने खांद्यावर घेतली. त्याच्या हातांना चिखल होता आणि खिशात माहितीफलकाचा कागद. आसिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा पहिला देखावा केला, हे त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं. गुहेत गवत होतं, खरा बैल होता, खरं गाढव होतं आणि त्या गव्हाणीवरच नाताळच्या रात्रीची मिस्सा झाली. हे शेवटचं वाक्य त्याने लिहिलं होतं खरं, पण लिहून तो पुढे गेला होता.

निघता निघता त्याची नजर वेदीवरच्या गव्हाणीवर पडली. तळाचं लाकूड दिसत होतं.

"अगं, किती रिकामी ही! घे ना यातला मूठभर पेंढा," तो बहिणीला म्हणाला.

"नको."

"कोण मोजतंय?"

"आजीने सांगितलंय, सगळे बसले तरच."

"तू आणि आजी बसता ना रोज?"

"आम्ही दोघीच बसतो," ती म्हणाली. "दोघींची काडी होत नाही."

आतल्या खोलीत तिचा बाप फोनवर बोलत होता. पलीकडे व्यापारी होता. चोवीस तारखेला मुंबईत एका समारंभाला कागड्याच्या माळा हव्या होत्या. गुंफून, टेम्पोने नेऊन, स्वतः टांगून द्यायच्या. भाव दुप्पट. काम रात्री दहापर्यंत चालणार होतं. तो होकार देण्याच्या बेतात असताना मुलीचं वाक्य त्याच्या कानावर पडलं. "थोड्या वेळाने कळवतो," म्हणत त्याने फोन ठेवला आणि बाहेर आला. गव्हाणीतल्या काड्या त्याने बोटाने बाजूला करून मोजल्या. नऊ होत्या.

"आई, तू एकदाही बोलली नाहीस."

आजी वाती नीट करत होती. "काय बोलू? सगळे त्याच्याच कामाला गेलेले. त्याच्याच कामाला गेलेल्यांना त्याच्याकडे या म्हणून हाक कशी मारायची, ते मला सुचेना."

त्याला उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी घंटा झाली तेव्हा पाचही जण चटईवर होते. ती प्रार्थना काही फार मोठी भक्तिमय झाली असं नाही. सुनेचं अर्धं लक्ष चुलीवरून उतरवलेल्या कढईत होतं, थोरला डुलक्या घेत होता, बापाचा फोन दोनदा थरथरला. पण त्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' उघडून लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. लहानपणापासून नाताळच्या नाटकात त्याने धर्मशाळेचा मालक पाहिला होता, मोठ्या मिशांचा, दार आपटून बंद करणारा. एक वर्ष ते काम त्याने स्वतः केलं होतं. आता वाचताना त्याच्या लक्षात आलं, की लूकने असा माणूस लिहिलेलाच नाही. उतरण्याच्या ठिकाणी त्यांना जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. बादशहाचा हुकूम होता, नावनोंदणीला माणसं आपापल्या गावी आली होती, गाव भरलं होतं. कुणी दुष्टपणा केला नव्हता. आत आलेला प्रत्येक जण आपल्या रास्त कामासाठी आला होता आणि मरियेची वेळ भरली तेव्हा जागा उरली नव्हती.

वाचून झाल्यावर त्याने बायबल मिटलं आणि उठायच्या आधी तिथेच बसून व्यापाऱ्याला फोन लावला. चोवीसला दुपारी बारापर्यंत जेवढी कळी निघेल तेवढी तुमची, माळा तुमच्या माणसांनी गुंफायच्या आणि न्यायच्या. त्यानंतर आम्ही कुणी मोकळे नाही. व्यापारी भडकला. त्याने ती ऑर्डर दुसऱ्याला दिली आणि पुढे जानेवारीभर या बागेची फुलं त्याने हात राखूनच उचलली. लग्नसराईच्या तोंडावर हा तोटा लहान नव्हता. सुनेने दोन ऑर्डरी परत केल्या. विधवेच्या मुलांचे कपडे मात्र घेतले, स्वतःच्या साडीचा बेत सोडून. देवाला वेळ दिला की तो पैशाने भरपाई करतो, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. या घरात तशी भरपाई झाली नाही.

थोरल्याचं काम सगळ्यात अवघड होतं, कारण ते त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मुलांना सांगितलं, की घंटा झाली की मी अर्धा तास घरी जाणार. दोघे हसले. एक म्हणाला, "स्पर्धा तोंडावर आली आणि तुला आता भक्ती आठवली?" तो म्हणाला, "फलकावर मीच लिहिलंय, की गव्हाणीवर मिस्सा झाली. ते खोडून टाकू का?" आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या मागोमाग आणखी तिघं आपापल्या घरी गेली.

नाताळच्या रात्री मिस्सेहून परतल्यावर वेदीसमोर सगळे जमले. गव्हाणीत जेमतेम तेरा काड्या होत्या. सुनेला वाईट वाटलं, बाळाला टोचेल म्हणून खाली थोडा कापूस घालू या, असं ती म्हणाली. आजीने मान हलवली. "जेवढं दिलं तेवढ्यावरच निजवायचं. पुढच्या वर्षी बघू." तिने मूर्ती नातीच्या हातात दिली.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात गव्हाण मंडळाची सभा भरली तेव्हा थोरल्याने पहिलाच ठराव मांडला: सात ते साडेसात काम बंद, प्रत्येकाने आपल्या घरी प्रार्थनेला बसायचं. तासभर वाद झाला. वेळ कमी मिळणार म्हणून देखाव्यातला डोंगर वगळावा लागला, आणि बक्षीस शेजारच्या गावाने नेलं. त्यानंतरच्या सभेत डोंगर परत घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. साडेसातपर्यंत काम बंद ठेवण्याचा ठराव मागे घ्या, असं कुणीही म्हणालं नाही.