परधनाचा व्यय

२०२३ सालच्या गणेशोत्सवातील एक रविवार. भिलाईच्या आमच्या वसाहतीतील पाच-सहा तरुण दर रविवारी सकाळी गीतेच्या अध्ययनासाठी माझ्या घरी येत असतात. त्या दिवशी सोळावा अध्याय चालला होता. दैवी व आसुरी संपत्तीचे विवेचन आटोपले, मंडळी उठली. एक तरुण मात्र बसून राहिला. त्याचे वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतील मोठा भाग या मुलाने मोबाइलवरील सट्ट्यात घालविला होता, हे मला ठाऊक होते.

तो म्हणाला, “गुरुजी, माझा पैसा गेला ते ॲप निराळे होते. पण त्याच धंद्याचा ज्याच्यावर आरोप आहे, त्या आपल्याच गावच्या माणसाच्या लग्नाची चित्रफीत काल पाहिली. मला राग यावयास हवा होता. तो आला नाही. उलट वाटले, असे लग्न आपलेही व्हावे. मग हे पाप कोणाचे, त्याचे की माझे?”

मी त्या दिवशी त्यास काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. पुढे बरेच दिवस विचार केल्यावर जे सुचले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम त्या लग्नाविषयी. भिलाईत एके काळी फळांच्या रसाचे दुकान चालविणारा सौरभ चंद्राकर हा ‘महादेव’ नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपचा एक प्रमुख सूत्रधार असल्याचा सक्तवसुली संचालनालयाचा, म्हणजे ईडीचा, आरोप आहे. ईडीने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमा येथे त्याचा विवाह झाला आणि त्यावर सुमारे २०० कोटी रुपये रोखीने खर्च झाले. नातलगांस नेण्यासाठी नागपूरहून खासगी विमाने निघाली. नर्तक, सजावटकार आणि विवाहाचे व्यवस्थापक मुंबईहून गेले. ११२ कोटी रुपये हवालामार्गे समारंभाच्या व्यवस्थापकांकडे पोहोचले आणि हॉटेलांचे ४२ कोटी तेथील चलनात रोख चुकविण्यात आले, असेही ईडीचे म्हणणे आहे. हे सारे आरोप आहेत. त्यांचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. तो आपण घरी बसून करू नये. म्हणून या लेखात त्या मनुष्याच्या दोषादोषाचा विचार नाही. विचार करावयाचा आहे तो खर्चाच्या अशा यादीचा, आणि ती पाहून एका फसलेल्या मुलाच्या मनात जे उमटले त्याचा.

जेथे दोष न्यायालयात सिद्ध झाला आहे, अशी एक यादी परदेशातील आहे. ती शेजारी ठेवून पाहू. न्यूयॉर्कचा बर्नार्ड मॅडॉफ हा लोकांचे पैसे गुंतवितो असे सांगून घेत असे. प्रत्यक्षात तो समभाग विकत घेतच नसे; सारा पैसा बँकेच्या खात्यात ठेवी आणि नव्या ठेवीदाराच्या पैशांतून जुन्यास परतफेड करी. डिसेंबर २००८ मध्ये त्यास अटक झाली, मार्च २००९ मध्ये त्याने अपराध कबूल केला आणि जूनमध्ये त्यास १५० वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२१ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. ठेवीदारांस पाठविलेल्या कागदांवर सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते; ते कागदावरच होते. त्याच्या मालमत्तेची वसुली करणाऱ्या न्यासीने न्यायालयापुढे जे कागद ठेवले, त्यांत त्याच्या कंपनीच्या क्रेडिट कार्डांचे जानेवारी २००८ चे एका महिन्याचे देयकही होते. कार्डे कंपनीची, खर्च मात्र घरच्या मंडळींचाही. एका महिन्याची बेरीज सुमारे एक लाख डॉलर.

ती यादी वाचणाऱ्याची प्रथम निराशा होते. एवढ्या मोठ्या फसवणुकीमागे काही विलक्षण, अभूतपूर्व भोग असेल असे वाटते. तेथे आहे काय? प्रवास, उपाहारगृहे, कपडे. आपल्या येथील मध्यमवर्गीय माणूसही याच गोष्टींवर खर्च करतो. फरक केवळ किमतीचा. अब्जावधी डॉलर हाती असूनही त्या मनुष्यास नवे इंद्रिय फुटले नव्हते. जीभ एकच होती. भूक दिवसातून दोनदाच लागत होती. अन्यायाने धन वाढविता येते. भोगण्याची शक्ती मात्र तितकीच राहते. ही यादीने उघड केलेली पहिली गोष्ट होय.

येथे कोणी विचारील की, प्रामाणिक धनिकही असाच खर्च करीत नाहीत काय? करतात. म्हणून खर्चावरून चोर ओळखता येतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, मॅडॉफचा खर्च प्रतिष्ठित माणसासारखा होता म्हणूनच लोकांस त्याचा संशय आला नाही. दानधर्मही तो करी. आणि ज्या संस्थांचा पैसा बुडाला त्यांत नोबेल पुरस्काराचे मानकरी एली वीझेल यांची परोपकारी संस्थाही होती. तिचे सुमारे दीड कोटी डॉलर गेले. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी मनुष्याच्या मनोराज्याचे जे वर्णन आहे, त्यात मी यज्ञ करीन, मी दान देईन, हेही आहे, याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. दान हेही मिरविण्याचे साधन होऊ शकते. तेव्हा यादीवरून चोरी कळत नाही. चोरी कशासाठी केली, हे मात्र कळते.

ती कशासाठी केली? भोगासाठी म्हणावे, तर भोगास मर्यादा आहे हे आपण पाहिले. २०० कोटींचे लग्न वधूवरांस भोगता येत नाही. ते पाहुण्यांस दाखविता येते. त्या रकमेने विकत घेतले जातात ते पाहणाऱ्यांचे डोळे. शास्त्रकार ज्यास दंभ म्हणतात तो हाच. दंभ एकट्याने करता येत नाही. निर्जन अरण्यात लोभी माणूस लोभी राहू शकेल. दांभिकास मात्र प्रेक्षक हवाच. सोळाव्या अध्यायात आसुरी लक्षणांची गणना दंभापासून सुरू होते, याचे मर्म मला या प्रकरणानंतर अधिक उमगले.

आता शब्दांकडे वळतो. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने मला तेच मार्ग सुचतात. क्रेडिट या शब्दाचे मूळ लॅटिन ‘क्रेदो’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ मी विश्वास ठेवतो असा. हे क्रियापद आणि आपली ‘श्रद्धा’ ही एकाच प्राचीन मुळापासून निघाली, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मॅडॉफने त्या कार्डावर जे खर्चिले ते नुसते धन नव्हते. ठेवीदारांची श्रद्धा होती. कोणी म्हातारपणासाठी ठेव ठेवली होती, कोणी संस्थेच्या कार्यासाठी. आपल्या धर्मशास्त्रात विश्वासाने सोपविलेल्या धनास निक्षेप म्हणतात, आणि मनुस्मृतीने अठरा व्यवहारपदे सांगताना ऋणाच्या पाठोपाठ निक्षेपच सांगितला आहे. निक्षेपाचा धर्म एकच: तो राखावयाचा असतो.

दुसरा शब्द ‘भोग’. तो भुज् धातूपासून येतो. या धातूचे दोन अर्थ आहेत, राखणे व खाणे. आणि पाणिनीने नियम घालून दिला आहे की, राखणे या अर्थाखेरीज इतर अर्थी हा धातू आत्मनेपदी चालावा. म्हणून राजा पृथ्वीचे पालन करतो तेव्हा तो ‘भुनक्ति’, आणि जेवणारा जेवतो तेव्हा तो ‘भुङ्क्ते’. धातू तोच. क्रियेचे फळ दुसऱ्याकडे गेले तर रक्षण, स्वतःकडे वळविले तर भक्षण. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रात हेच क्रियापद आत्मनेपदात आले आहे. व्याकरणाप्रमाणे तेथे उपभोग असा अर्थ व्हावा. परंतु श्रीशंकराचार्यांनी भाष्यात पालन कर असाच अर्थ केला आहे. भाषांतर करताना मी या ठिकाणी अनेकदा थांबलो आहे. आज वाटते की हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. आपल्या हाती आलेल्या प्रत्येक रुपयापुढे हा प्रश्न उभा असतो: याचे परस्मैपद करावयाचे की आत्मनेपद?

त्याच मंत्राच्या शेवटी, कोणाच्याही धनाचा लोभ धरू नये, असा उपदेश आहे. तेथे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. त्याने हेवा केला; म्हणजे जे धन त्या मनुष्याचेही नव्हते असा आरोप आहे, त्याचा मनाने लोभ धरला. ज्या धंद्याने आपले घर पोखरले, त्याच धंद्याच्या थाटाकडे तो भक्तिभावाने पाहत होता. पण हा दोष त्या एकट्याचा आहे काय? ती चित्रफीत लाखो मोबाइलांवर फिरली. आम्ही सर्वांनी ती पाहिली, निंदा करीत करीत पुन्हा पाहिली. दंभास प्रेक्षक लागतो. तो प्रेक्षक आम्ही झालो. आणि जो तरुण उद्या घरातील पैसा सट्ट्यावर लावील, तो असल्याच एखाद्या दृश्याने पेटलेला असेल. यादीने उघड केलेली दुसरी गोष्ट ही की, फसविणाऱ्याने विकत घेतलेल्या वस्तूंत आपले डोळेही असतात, आणि ते आपण फुकट देत असतो.

हे भिलाईसारख्या गावास अधिक लागते. हे गाव दिखाव्यासाठी वसलेले नाही. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला, पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झाले, आणि दल्ली-राजहऱ्याच्या खनिजापासून येथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. रुळाकडे प्रवासी पाहत नाही. तो दिसावा यासाठी नसतोच. त्याने भार वाहावा यासाठी असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आयुष्यभर हे काम केले. त्यांच्या कोणत्याही दिवसाची चित्रफीत निघाली नाही.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. तो मुलगा गेल्यावर त्याच रात्री मी माझी खर्चाची वही उघडली. परक्याची यादी एवढ्या आस्थेने वाचली, तर आपलीही वाचावी असे वाटले. आमच्या मंडळाच्या उत्सवाची वर्गणी त्या काळी माझ्याकडे राहत असे. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत आली होती आणि भाषांतराचे मानधन यावयाचे होते. मी वर्गणीतून चौदा हजार रुपये घेतले आणि दोन महिन्यांनी परत ठेवले. हिशेब चोख जुळला. कोणास कळले नाही, आणि मलाही ते पाप वाटले नव्हते; परत ठेवले ना! पण मॅडॉफही जुन्यास परत करीतच होता. परत करीन या विश्वासावर परके धन वापरणे, हीच त्याच्या मार्गाची पहिली पायरी होती. फरक रकमेचा होता, आणि कदाचित माझे मानधन वेळेवर आले या योगायोगाचा.

मंडळाच्या पुढील सभेत मी हे उभे राहून सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध सभासद म्हणाले, “पंडितजी, व्याज लावले होते काय?” सर्वजण हसले, मीही हसलो. परंतु दुसऱ्या दिवशी व्याजाचा हिशेब करून ती रक्कम मी भरली, आणि निधी बँकेत दोघांच्या सहीने ठेवावा असा ठराव त्याच महिन्यात झाला. त्या वृद्धांनी विनोद केला नव्हता; निक्षेपाचा धर्म सांगितला होता.

पुढच्या रविवारी तो तरुण आला तेव्हा मी त्यास म्हणालो, “बाळ, पाप कोणाचे ते तू विचारलेस. ज्याने लुबाडले असेल त्याचे त्याच्याकडे. त्याचा हिशेब न्यायालय करील, आणि त्यावरचा परमेश्वर. तुझा हिशेब एवढाच की, वडिलांचा निक्षेप तू खाल्लास आणि खाणाऱ्याच्या थाटाचा हेवा केलास. माझाही हिशेब असाच निघाला.” आणि मी त्यास माझी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. त्यानंतर त्याने वडिलांस दरमहा ठरावीक रक्कम परत देण्यास आरंभ केला आहे. फेडीस पुष्कळ वर्षे लागतील. तो ती वहीत लिहितो.

वाचकांस एकच विनंती. महिन्याच्या अखेरीस आपली खर्चाची यादी, ती कार्डाच्या देयकात असो वा वहीत, एकदा शांतपणे वाचावी आणि प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न करावे: हे धन कोणाच्या विश्वासाचे होते? आणि हा खर्च पाहणारा कोणीच नसता, तरी मी तो केला असता काय? ज्या ओळी या दोन प्रश्नांपुढे टिकतील, तेवढाच आपला खरा भोग. बाकीचे केवळ डोळ्यांचे मोल.