अंदाजाला उत्तर देणारा मतदार

८ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवण्यासाठी मतदार राज्याराज्यांत मत देतात, ती ही प्रायमरी. पाचच दिवसांपूर्वी आयोवात बराक ओबामा पहिले आले होते आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या. त्यानंतर न्यू हॅम्पशायरच्या मतचाचण्यांत ओबामांनी सरासरी आठ टक्क्यांची आघाडी घेतली. एका नामांकित चाचणीत ती तेरा टक्क्यांवर गेली. प्रत्यक्षात क्लिंटन यांना ३९ टक्के मते पडली, ओबामांना साडेछत्तीस.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला जात होता : चाचण्या चुकल्या कशा? जनमत संशोधकांच्या अमेरिकन संघटनेने चौकशी समिती नेमली आणि २००९ मध्ये तिचा अहवाल आला. बहुतेक संस्थांनी फोन करणे लवकर थांबवले, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांतली हालचाल त्यांच्या हाती लागली नाही. जे लोक पहिल्या फोनला सापडले नाहीत, ज्यांना पुन्हापुन्हा गाठावे लागले, त्यांच्यात क्लिंटन यांचे पारडे जड होते. मतपत्रिकेवर क्लिंटन यांचे नाव वर आणि ओबामांचे बरेच खाली होते, त्याचाही हातभार लागला असावा. कृष्णवर्णीय उमेदवाराबद्दल लोक चाचणीत खोटे बोलले, या गाजलेल्या तर्काला मात्र पुरेसा आधार मिळाला नाही.

हे सारे मोजणाऱ्यांच्या चुकांबद्दल झाले. माझ्या मते त्याहून मोलाचा प्रश्न वेगळाच आहे. ज्यांचे मत मोजले जाते, तेच लोक सकाळी तो आकडा वाचतात. वाचून ते काय करतात?

सार्वत्रिक निवडणुकीत या प्रश्नाला फारशी धार नसते. पक्षनिष्ठा बहुतेकांना जागच्या जागी धरून ठेवते. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात आणि धोरणांतले फरक बारीक असतात. मतदाराला दोघे-तिघे आवडलेले असतात, आणि ‘यातला कोण निवडून येईल’ हा प्रश्न त्याला सतत छळत असतो. अशा मनावर आकड्याचा परिणाम होणारच. कोणी वारे पाहून विजेत्याच्या मागे जातो. कोणी मागे पडलेल्याला हात देतो. कोणी आपले मत वाया जाऊ नये म्हणून पहिली पसंती सोडतो.

न्यू हॅम्पशायरची व्यवस्था इथे जवळून पाहण्यासारखी आहे. तिथले सुमारे चाळीस टक्के मतदार कोणत्याच पक्षाकडे नोंदलेले नसतात. असा मतदार केंद्रावर जातो, दोनपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागतो आणि त्या क्षणी त्या पक्षाचा सदस्य होतो. मत देऊन बाहेर पडताना एका अर्जावर सही केली, की तो पुन्हा अपक्ष. २००८ मध्ये अनेकांना ओबामाही आवडत होते आणि रिपब्लिकन पक्षातले जॉन मॅकेनही. ओबामांचा विजय पक्का आणि मॅकेन यांची लढत चुरशीची, असे चाचण्या सांगत असताना अशा माणसाने मॅकेन यांच्याकडे वळणे हा सरळ हिशेब होता. दुसरीकडे, आयोवात स्त्रियांनी ओबामांना पाच टक्के जास्त मते दिली होती. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनीच क्लिंटन यांना बारा टक्क्यांची आघाडी दिली. मतदानाच्या आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत क्लिंटन यांचे डोळे भरून आले, आणि त्या विजयाचे श्रेय अनेकांनी त्या प्रसंगाला दिले. मला त्याआधीच्या चार दिवसांतला ‘आता त्या संपल्या’ हा एकमुखी निकालही तितकाच महत्त्वाचा वाटतो. आपण मत देण्याआधीच कोणी निकाल जाहीर केला, तर तो मान्य न करण्याचा हक्क मतदाराला आहे.

मिशिगनमध्ये ८ मार्च २०१६ रोजी यापेक्षा मोठा धक्का बसला. चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या आणि बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. तरुण मतदार नमुन्यात कमी पडले होते. २००८ ची तिथली प्रायमरी तारखेच्या वादामुळे विस्कटलेली होती, ओबामांचे नावच मतपत्रिकेवर नव्हते. त्यामुळे कोण मतदानाला येईल याचा अंदाज बांधायला जुना आधारही नव्हता. याच राज्यात २०१८ मध्ये बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले श्री ठाणेदार गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या जोरावर सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवर होते. ऑगस्टमध्ये ते तिसरे आले. सुरुवातीच्या चाचणीत बऱ्याचदा नावाची ओळखच मोजली जाते. पसंती नंतर ठरते.

अर्थशास्त्राचे नोबेल पुढे मिळवणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी १९५४ मध्येच हा गुंता मांडला होता. प्रसिद्ध झालेला अंदाज वाचून लोक मत बदलत असतील, तरीही तो खरा ठरू शकतो का? तत्त्वतः ठरू शकतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. मात्र लोक अंदाजाला कसा प्रतिसाद देतील, हे अंदाज करणाऱ्याला आधीच ठाऊक हवे. घोडे तिथेच अडते.

मला खरी चिंता आहे ती आकड्यांना दारावर उभे करण्याची. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या पहिल्या वादसभेत कोण बसणार, हे पाच राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवरून ठरले. पहिले दहा मुख्य मंचावर, उरलेले संध्याकाळच्या छोट्या कार्यक्रमात. दहाव्या आणि अकराव्या उमेदवारातले अंतर त्रुटीमर्यादेच्या आत होते. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानेही चाचण्यांतली टक्केवारी ही पात्रतेची एक अट ठेवली. ज्याचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, त्याला मतदार पसंती देणार कशी? इथे चाचणी लोकांचे मत घडण्याआधीच उमेदवाराला वगळते, आणि मतदाराला उत्तर द्यायला जागाच उरत नाही.

बंदी हा यावरचा उपाय नाही. आपल्याकडे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मतचाचण्यांचे निष्कर्ष प्रक्षेपित करता येत नाहीत आणि शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनात्मक हमीपुढे अशी बंदी टिकणे अवघड. आणि आपले शेजारी काय विचार करतात, हे जाणून घेण्याचा नागरिकाला अधिकार आहेच. त्याला हवी आहे ती पूर्ण माहिती : चाचणी कोणी केली, पैसे कोणी दिले, किती जणांना विचारले, फोन कधी थांबले, किती जणांनी ‘अजून ठरवले नाही’ असे सांगितले. पाचशे जणांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीला चारेक टक्क्यांची त्रुटीमर्यादा असते, आणि दोघांमधल्या आघाडीला जवळपास दुप्पट. ही ओळ बातमीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापणे म्हणजे वाचकाची फसवणूक आहे.

आकडा पाहून हिशेब करणाऱ्या मतदाराला मी दोष देत नाही. तो आपले मत जपून वापरतो आहे. पण हिशेबाला पक्का आकडा लागतो, आणि पाच दिवसांत उलटणाऱ्या प्रायमरीत तो नसतो. शिवाय सार्वत्रिक निवडणुकीत मतदारापुढे दोन नावे आयती येतात. ‘तुम्हाला कोण हवे आहे?’ हे पक्ष त्याला फक्त प्रायमरीत विचारतो. त्या प्रश्नाला शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज हे उत्तर होऊ शकत नाही. मिशिगन असो वा न्यू जर्सी, तिथे प्रायमरीत मत देणाऱ्या मराठी माणसांनाही माझे हेच सांगणे आहे : चाचण्या जरूर वाचा, पारखून वाचा, आणि मत मात्र तुम्हाला जो उमेदवार हवा आहे त्यालाच द्या.