यादीत नसलेले नाव

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका सहलीची यादी तयार झाली. डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे बेळगावहून निघायचे, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरायचा, साखळी-डिचोलीमार्गे जुने गोवे गाठायचे आणि तिथल्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जायचे. दिवसभर बेट पाहायचे आणि त्याच फेरीने परत यायचे. मी आयुष्यभर शाळेत वेळापत्रके केली. निवृत्तीनंतर ते काम कोणी सांगत नाही, त्यामुळे असली संधी मी सोडत नाही. निघण्याची वेळ, चहाचा थांबा, पाण्याच्या बाटल्या, नातवाला घाटात उलटी होते म्हणून आल्याच्या वड्या, बेटावर सावली कुठे मिळेल, शौचालयाची सोय कुठे, संध्याकाळी कोणती फेरी चुकवायची नाही, असे सगळे एका फुलस्केपवर मांडले. खाली माणसांची नावे लिहिली. सहा नावे झाली.

कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. सुनेने तो वाचला आणि विचारले, ‘‘बाबा, आजींना विचारलंत?’’

आजी म्हणजे माझी आई. वय 88. गुडघे गेलेले, पण कान आणि स्मरण शाबूत. मी म्हणालो, ‘‘अगं, तिला कसं जमेल? घाटातली वळणं, वर फेरीच्या लोखंडी उतारावरून चढ-उतार. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, त्या दिवसभर येऊन बसतील.’’

सून म्हणाली, ‘‘ते खरं. पण विचारलंत का?’’

मी विचारले नव्हते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एवढ्याशा गोष्टीने झोप का उडावी याचा विचार करता करता जे सुचत गेले ते इथे मांडतो आहे.

प्रथम माझी बाजू सांगतो, कारण ती अगदीच लंगडी नव्हती. आईला नेणे धोक्याचे होते. शिवाय विचारले असते तर ‘‘नको रे, मला कुठं झेपतंय’’ हे तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले असते. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या असमर्थतेची कबुली द्यायला लावणे यात कसला आदर? त्यापेक्षा मुकाट्याने व्यवस्था करावी, विषयच काढू नये, यात अधिक माया आहे, अशी माझी समजूत होती. आपल्याकडे पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांची काळजी अशीच घेतली जाते. त्यांचा डॉक्टर आपण ठरवतो, त्यांची खोली आपण बदलतो, त्यांचे पथ्य आपण सांभाळतो. हेतू वाईट नसतो.

पण रात्री मी स्वतःला एक प्रश्न घातला. आई आली असती तर मला काय करावे लागले असते? गाडी मोठी घ्यावी लागली असती. दर तासाला थांबावे लागले असते. बेटावरच्या टेकडीवरील पिएदादच्या चर्चपर्यंत जाण्याचा बेत सोडावा लागला असता. माझे वेळापत्रक कोलमडले असते. म्हणजे ज्याला मी तिची काळजी म्हणत होतो, त्यात माझी सोय किती मिसळली होती? काळजी आणि सोय या दोन गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसतात, की करणाऱ्यालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. मला एकच कसोटी सुचली. काळजी खरी असेल तर विचारायला भीती वाटत नाही. विचारायची टाळाटाळ होऊ लागली की समजावे, उत्तराने आपली काहीतरी अडचण होणार आहे.

जॉन स्टुअर्ट मिलच्या 1859 सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात एक पुलाचा दाखला आहे. आपल्याकडे आगरकरांच्या पिढीवर मिलचा मोठा प्रभाव होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परके नाही. दाखला असा, की एक माणूस मोडक्या पुलावर पाऊल टाकतो आहे. पूल पडणार हे आपल्याला पक्के ठाऊक आहे आणि त्याला सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नसते. पण पूल पडेलच असे नसेल, नुसता धोका असेल, तर धोका पत्करायचा की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे. आपण फक्त सावध करावे. लहान मूल किंवा भान हरपलेला माणूस मिलने यातून वगळला आहे.

या मापाने माझे वागणे मोजले तर काय दिसते? सहलीला चांगला महिना-दीड महिना अवकाश होता. वेळ नव्हता असे म्हणता येत नाही. फेरीच्या उतारावर आई पडेलच असेही नव्हते, फक्त धोका होता. आणि आई भानावर नाही असे म्हणण्याची माझी छाती नाही. म्हणजे मिलच्या यादीत मी तिला कुठे बसवले होते? लहान मुलांत. सहा वर्षांच्या नातवाला तरी मी ‘‘बोटीत बसायचं ना रे?’’ असे विचारले होते. तिला तेवढेही नाही.

‘न विचारणे’ म्हणजे काय, हे खरे तर सीमाभागातल्या माणसाला शिकवावे लागू नये. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. इथल्या माणसांना कोणी मतपेटीपुढे उभे करून ‘तुम्हाला कुठे राहायचे आहे’ असे विचारले नाही. त्यानंतर आंदोलने झाली, महाजन आयोग झाला, 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सल मात्र गेलेला नाही. आता शेजारच्या गोव्याकडे पाहा. 16 जानेवारी 1967 रोजी तिथे जनमत कौल घेतला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. त्या रात्री आमच्या गल्लीत चूल पेटली नाही असे वडील सांगत. मी तेव्हा लहान होतो. मराठीवर जीव टाकणाऱ्या गोव्यातल्या कितीतरी माणसांना तो निकाल जिव्हारी लागला. पण तो प्रश्न तिथे मिटला. विलीनीकरणाच्या बाजूने धडपडलेली माणसेही पुढे त्याच गोव्यात नांदली, त्याच विधानसभेत बसली. मनाविरुद्धचे उत्तर माणूस पचवू शकतो. आपल्याला विचारलेच नाही, हे मात्र पचत नाही.

राज्यांच्या प्रश्नाला सहलीच्या यादीची जोड देणे कुणाला हास्यास्पद वाटेल. पण मी वर्षानुवर्षे शाळेत, सभांत, चहाच्या टेबलावर ‘आम्हाला कोणी विचारलं?’ असे तावातावाने म्हणत आलो, आणि घरात आईच्या वतीने परस्पर निकाल देऊन मोकळा झालो. माणूस ज्या अन्यायाची तक्रार करतो तो स्वतः करताना त्याला ओळखू येत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माझ्या आयुष्यात सापडणार नाही.

आईच्या बाबतीत तर हे आणखी लागते. तिचे माहेर डिचोलीकडचे. 1955 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती बेळगावला आली. मुलगा पसंत आहे का, हे त्या काळी मुलीला विचारत नसत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि गोव्याची सीमा बंद झाली. पहिले माहेरपण, पहिले बाळंतपण, वडिलांचे आजारपण, सगळे तिने घाटाच्या या बाजूला काढले. 19 डिसेंबर 1961 नंतर वाट मोकळी झाली तेव्हा तिचे वडील राहिले नव्हते. लिस्बन आणि दिल्ली यांच्या भांडणात एका नव्या नवरीला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. ती वाती वळत बसली होती. यादीचा कागद हातात होता. मी म्हणालो, ‘‘आई, आम्ही दिवाडीला जायचं म्हणतोय. तू येतेस?’’

तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘चार दिवस ऐकते आहे. विचारायला एवढे दिवस लागले?’’

मी गप्प राहिलो. मग मनाशी ठरवल्याप्रमाणे सगळे सांगितले. घाटात त्रास होईल, उतारावर धरून चालावे लागेल, पण मोठी गाडी करू, वेळ लागला तरी चालेल. हे बोलताना मला जाणवत होते, की ती ‘‘हो’’ म्हणाली तर खरोखर न्यायची तयारी असल्याशिवाय हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. उत्तर आधीच ठरवून विचारणे हे न विचारण्यापेक्षाही वाईट, कारण त्यात आपण समोरच्याची संमतीही चोरून घेतो. त्या रात्री मी आधी मोठ्या गाडीचे भाडे विचारून घेतले होते.

तिने वात पुरी वळली, ताटात ठेवली आणि म्हणाली, ‘‘मी येणार नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या नदीत स्नान करायला बाबांबरोबर जात असे. एकदा होडीतून पलीकडे दिवाडीला नेलं होतं त्यांनी. ते डोळ्यांत आहे तसं राहू दे. या गुडघ्यांबरोबर ते पुन्हा पाहायचं नाही मला.’’

म्हणजे निष्पत्ती तीच. यादीतली नावे सहाच राहिली. हिशेबी माणूस म्हणेल, मग विचारून काय मिळवले? मीही क्षणभर तसेच म्हणालो. पण घरी राहणे आणि घरी ठेवले जाणे या दोन गोष्टी एक नाहीत. रविवार तोच, घर तेच, खुर्ची तीच, तरी पहिल्यात ती निर्णय घेणारी आहे, दुसऱ्यात ती सामानासारखी. नुसत्या परिणामांवरून कृतीचे मोल ठरवणाऱ्याला हा फरक दिसणार नाही. कांटने माणसाला केवळ साधन मानू नये असे म्हटले. मला वाटते, माणसाला केवळ जबाबदारी मानणे हाही त्याच दोषाचा एक सौम्य, घरगुती प्रकार आहे. आणि ‘नाही म्हणायला लावणे’ क्रूर असते ही माझी भीतीही खोटी ठरली. ‘नाही’ म्हणताना आई लहान झाली नाही. उलट गेल्या कित्येक महिन्यांत तिने इतक्या ठामपणे काही सांगितले नव्हते.

मग तिने कागद मागितला. चष्मा लावून वाचला. ‘‘गेलात त्याच वाटेनं परत का येता? बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी आहे ना? तिकडून उतरा. सप्तकोटेश्वराला जा.’’

माझ्या वेळापत्रकात हे नव्हते. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचाच. गोव्याच्या कदंब राजांचे ते कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचे नाव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बेटावरचे देऊळ पाडले आणि देव नदी ओलांडून पलीकडे नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे 2023 साली राज्याच्या पुरातत्त्व खात्याने डागडुजी करून ते पुन्हा खुले केले. मी चार माहितीपुस्तके चाळून जुन्या गोव्याची चर्चे आणि बेटावरची जुनी घरे यांची टिपणे काढली होती. पण ज्या वाटेने देव गेला त्या वाटेने परतावे, हे सुचले घरी राहणाऱ्या माणसाला. विचारल्याने हा लाभ झाला. तरी लाभासाठी विचारावे असे मी म्हणणार नाही. तिने काहीही सुचवले नसते तरी विचारणे देणेच होते.

कागद परत देताना ती म्हणाली, ‘‘आणि त्या शेजारणीला सांग, येऊन बसायची गरज नाही. त्या दिवशी मी शहापूरला जाणार आहे. माझी मैत्रीण केव्हाची बोलावते आहे. सकाळी रिक्षा सांगून ठेव, संध्याकाळी आणायला पाठव. तुमची सहल तशी माझीही होऊ दे.’’

मी तोंड उघडणार होतो. शहापूरच्या त्या घराच्या पायऱ्या उंच आहेत, रिक्षात हिसके बसतात, मैत्रीणही पंच्याऐंशीची आहे. सगळी वाक्ये जिभेवर आली होती. मग मिलचा पूल आठवला. ‘‘पायऱ्या उंच आहेत हं तिथल्या,’’ एवढे एकच वाक्य म्हणालो.

‘‘ठाऊक आहे,’’ आई म्हणाली.

फुलस्केपच्या तळाशी मी आता सातवे नाव लिहिले आहे. त्यापुढे कंसात ‘शहापूर’. रिक्षाची वेळ सकाळी नऊ. ती मी ठरवली नाही, तिनेच सांगितली.