ऐकणारे कोणी आहे का?

जगात बोलणाऱ्यांची वाण कधीच पडलेली नाही. दुष्काळ पडतो तो ऐकणाऱ्यांचा. हा दुष्काळ हटविण्याचे आता यंत्रांनी मनावर घेतले आहे.

या गोष्टीची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेतील एम. आय. टी.चे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या यंत्रविद्येची माहिती प्रसिद्ध केली. एलायझा म्हणजे शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुले विकणारी पोर, पु. ल. देशपांड्यांनी तिलाच ‘ती फुलराणी’त मराठी बोलायला लावले. यंत्रातल्या एलायझाची विद्या मात्र बेताचीच. आपल्या वाक्यातला एखादा शब्द हेरायचा, ‘माझे’चे ‘तुमचे’ करायचे आणि प्रश्न परत करायचा! ‘आई’ हा शब्द दिसला, की ती घरच्यांविषयी आणखी विचारी. तिला समजत काहीच नसे. प्राध्यापकांच्या सेक्रेटरीबाईंनी हे काम कित्येक महिने डोळ्यांनी पाहिले होते. तरीही एलायझाशी दोनचार वाक्ये होतात न होतात, तोच त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितले!

त्या बाई भोळ्या होत्या असे मला वाटत नाही. यंत्र नाक मुरडीत नाही, घड्याळाकडे पाहत नाही, ‘मी तेव्हाच सांगितले होते’ असे ऐकवीत नाही. आजची यंत्रे तर मराठीतूनही धीर देतात, आणि तेही रात्री दोन वाजता. ज्याला कोणीच नाही, त्याच्या या आधाराला हसणे निर्दयपणाचे होईल.

मग उणे कुठे पडते? शेजारीण गॅस बंद करून आपले गाऱ्हाणे ऐकत बसते, तेव्हा ती आपल्या दिवसातला एक तुकडा तोडून देत असते. तिला उठून जाता आले असते. ती गेली नाही. यंत्राला उठून जाणेच ठाऊक नाही, मग त्याच्या थांबण्याचे अप्रूप ते काय? शिवाय उद्या तिचे दुःख ऐकण्याची पाळी आपली असते. आपण कोणाला तरी हवे आहोत, या जाणिवेवर माणूस जगतो. यंत्र आपल्याला हवे ते देईल, पण त्याला आपण कधीच हवे असणार नाही.

आपल्याकडे शेजारी दिलेले फराळाचे ताट रिकामे परत येत नाही. निदान चिमूटभर साखर तरी त्यात येतेच. त्या साखरेला नाते म्हणतात. या दिवाळीत ताट घेऊन जाल, तेव्हा दारातूनच परतू नका. घटकाभर बसा. कदाचित त्या घरात कोणाला तरी काही सांगायचे असेल.