जुना पंप

फुलंब्रीहून टोमॅटो भरून जाधववाडीला निघालं, की आमची जुनी पिकअप चौका घाटात आचके द्यायची. हातपंप मारून हवा काढली की थोडं चालायची, पुन्हा बंद. अण्णा म्हणाले, "फीड पंप गेलाय, नवाच टाक." मिस्त्रीनं मान डोलावली, पंप बसला. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच वळणावर उभी!

मग त्यानं टाकीपासून नळीवर बोट फिरवत आणलं. पंपाच्या अलीकडं केसाएवढी चीर. तिथून डिझेल गळत नाही. पंप ओढतो तेव्हा हवा आत शिरते. गुपचूप नळी बदलून तो मोकळा झाला असता. आम्हाला काय कळणार होतं? पण म्हणाला, "अण्णा, जुना पंप चांगला होता. चुकलं माझं."

मी भांडायलाच उठलो. तपासायचं काम त्याचं, पैसे त्यानंच सोसावेत. अण्णा म्हणाले, "पंप म्हणालो मी आधी. अन् खरं सांगितल्याचा दंड केला, तर पुढच्या बारीला सांगंल का तो?"

मला हे आजही अर्धंच पटतं. खरं बोललं म्हणून चूक फुकट होते का?

पंपाचे पैसे अण्णांनी दिले, मजुरी मिस्त्रीनं घेतली नाही. टोमॅटो मात्र लिलाव उठल्यावर पोचले. त्यांचा हिशेब कुणीच काढला नाही.